मोजकाठीचे दोन इंच

एका निळ्या अंतर्देशीय पत्राला सव्वीस वर्षं उत्तर गेलं नाही. ते पत्र मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या अंगाचा एक तुकडा इतकी वर्षं त्या पत्राबरोबर एकाच पाकिटात पडून होता. उरलेली मी बाहेर उभी होते, तुकडा आत होता. तुटलेल्या अंगाला जे कळतं ते उरलेल्या अंगालाही कळतं. कसं, ते मला सांगता येणार नाही, पण तसं होतं खरं.

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची काठी आहे. व्हॉलीबॉलच्या जाळीची उंची मोजायची काठी. माझी गोष्ट तुम्हांला सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही. जिनं दुसऱ्यांची उंची मोजली आणि जी स्वतःच कमी भरली, तिनं मुलांसमोर तोंड उघडावं का? पण काल आणि आज जे घडलं, त्यानंतर गप्प बसणं मला जमेना. म्हणून बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म लांजीकडच्या जंगलातला. तिथून बैलगाडीनं, मग ट्रकनं मी बालाघाटला आले आणि शेवंताबाईच्या अंगणात पडले. शेवंताबाई बुरुडीण होती. स्टेशनच्या रस्त्याला बसून सुपं, टोपल्या, परड्या विणायची. तिच्या हातानं माझेही चार तुकडे होऊन एखादी टोपली झाली असती, पण एका दुपारी गुणाकर सर तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

गुणाकर सर म्हणजे इथल्या एका कॉलेजचे ग्रंथपाल. किडकिडीत, चष्मेवाले, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघणारे. कॉलेजला तेव्हा खेळाचे शिक्षक नव्हते. ग्रंथालयातलं एक कपाट रिकामं होतं, म्हणून खेळाचं सामान त्यात ठेवलं गेलं, आणि कपाट सरांचं म्हणून खेळही सरांकडे आला. सरांनी जन्मात कधी चेंडू मारला नव्हता. पण जबाबदारी आली तेव्हा त्यांनी आधी नियमांचं पुस्तक मागवलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं.

हातातल्या चिठ्ठीकडे बघत ते म्हणाले, "अडीच मीटरची एक सरळ काठी हवी होती."

"मीटर-फिटर मले समजत नाही जी. हात सांगा," शेवंताबाई म्हणाली. "कायले पाह्यजे? आंबे पाडाले?"

"नाही. जाळी मोजायला."

"जाळी मोजाले?" ती पोट धरून हसली. "मासे मोजा ना बापा, जाळी काय मोजता!"

सर लाजले. मग त्यांनी तिला खेळ समजावून सांगितला, ती जाळी कशी बांधतात, पुरुषांसाठी किती उंच, बायकांसाठी किती उंच. शेवंताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला निवडलं. विस्तवावर शेकून माझे बाक काढले, पेरं तासली, तेल पाजलं. सरांनी पट्टी लावून मोजलं आणि तिनं दोन पितळी खिळे ठोकले, एक दोन मीटर त्रेचाळीसला, एक दोन मीटर चोवीसला. वरच्या खिळ्याजवळ सरांनी तांबड्या रंगानं 'पु' लिहिलं, खालच्याजवळ 'म'. पुरुष आणि महिला. शेवटी माझ्या तळाला लोखंडाची शेंबी, म्हणजे टोपी, बसवली.

निघताना शेवंताबाई म्हणाली, "सर, खालून सांभाळजा हिले. बांबू वरून नाही मरत, खालून मरते."

सरांनी मान हलवली. पण त्यांचं लक्ष खिळ्यांकडे होतं.

माझी ती पहिली वर्षं फार मानाची गेली. सामना सुरू व्हायच्या आधी आमच्या संघाचा कप्तान मला कपाटातून काढायचा, मैदानाच्या मधोमध जाळीखाली उभी करायचा आणि जाळीची वरची कडा खिळ्याशी जुळली की मोठ्यानं ओरडायचा, "पुरी हाय!" मग सगळे खेळाडू एकदाच टाळी वाजवायचे. एकच टाळी. ती वाजल्याशिवाय कोणी चेंडूला हात लावत नसे. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. कोणी पाडली तेही कोणाला आठवत नाही. पण ती टाळी माझ्यासाठी होती, हे मला माहीत होतं.

बाहेरगावचे पंच आले तरी मला हातात घेऊन खिळा बघत आणि मान डोलवत. "काठी म्हणते ते खरं," असं मैदानावर म्हटलं जाई. मित्रांनो, आपल्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवावा, यासारखं सुख नाही. आणि त्यासारखी भीतीही नाही. पण ती भीती तेव्हा मला ठाऊक नव्हती.

एका उन्हाळ्यात माझी शेंबी सैल होऊन पडली. कोणी उचलून नेली की गवतात हरवली, कळलं नाही. उघड्या पायानं मी दोन वर्षं खडी-मातीवर टेकत राहिले. तळाला चिरा पडल्या, धाग्यासारखी कुसं निघाली. कप्तानाच्या हातात एकदा कूस शिरली आणि रक्त आलं.

सरांना वाईट वाटलं. त्यांनी मला ग्रंथालयातल्या लांब टेबलावर आडवं घातलं. शेजारी बांधणीला काढलेली जुनी पुस्तकं होती. पुस्तकाच्या कडा फाटल्या की त्या कापून सरळ करायच्या, ही सरांच्या हाताची सवय होती. पुस्तकाचा मजकूर मध्ये असतो. कड कापल्यानं त्यातलं अक्षरही जात नाही. सरांनी करवत घेतली आणि त्याच हातानं, त्याच मायेनं माझी फाटकी कड कापली. कानशीनं घासून गुळगुळीत केली. कापलेला तुकडा मात्र टाकवेना, म्हणून कागद उडू नयेत यासाठी टेबलावर ठेवला. दोन इंचांचा होता तो.

पण काठीचा मजकूर मध्ये नसतो, मित्रांनो. तो तिच्या तळापासून सुरू होतो. खिळे जागच्या जागी राहिले आणि मी खालून दोन इंचांनी आखूड झाले. त्या दिवसापासून मी ज्या जाळीला "पुरी" म्हटलं, ती प्रत्येक जाळी दोन इंच खाली होती.

हे मलाही कळलं नाही. स्वतःच्या तळाकडे कोण बघतं?

त्याच दिवसांत किरनापूरहून भोजराज कॉलेजात आला. शेतकऱ्याचा मुलगा, उंची बेताचीच, पण उडी अशी, की पाय जमिनीवर परत यायला विसरलेत असं वाटावं. पहिल्या दिवसापासून तो माझ्या जाळीवर शिकला. दोन वर्षं रोज संध्याकाळी शेकडो फटके. त्याचा हात, डोळा, उडी, सगळं त्या उंचीला बसलं. त्या वर्षी विभागीय स्पर्धा आमच्याच मैदानावर झाली. भोजराजचा एकही फटका जाळीत अडकला नाही. आमचा संघ जिंकला आणि देशभरातल्या कॉलेजांच्या अजिंक्यपद स्पर्धेला निघाला. सरांनी गाडीत खायला सगळ्यांना चिवड्याच्या पुड्या बांधून दिल्या. मी मागेच राहिले. तिथे त्यांच्या काठ्या होत्या.

पाचव्या दिवशी संघ परतला. पहिलाच सामना हरून. भोजराज तर कॉलेजात आलाच नाही, परस्पर गावी गेला. आठवड्यानं त्याचं पत्र आलं.

"आदरणीय सर, सादर नमस्कार. घरी पोचलो. सर, तिथं माझे सात फटके जाळीच्या पट्टीत गेले. आपल्या मैदानात एकही जात नाही. मले ती जाळी उंच वाटली. पंचाले म्हटलं तर त्यायनं मोजून दाखवली, बरोबर होती. पोट्टे म्हणाले, भोज्या घाबरला. सर, आपली जाळी बरोबर हाय का? का मीच मोठ्या मैदानात घाबरतो? तुम्ही सांगसान ते मी मानीन. उत्तराची वाट पाहतो. आपला भोजराज."

सरांनी पत्र दोनदा वाचलं. मग टेबलाखालची स्टीलची पट्टी काढली, मला जमिनीवर निजवलं आणि तळापासून खिळ्यापर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्यांची नजर टेबलावरच्या त्या तुकड्याकडे गेली.

त्यांनी तो तुकडा उचलून माझ्या तळाशी लावला. तेव्हा त्यांना सगळं कळलं, आणि मलाही.

त्याच दुपारी त्यांनी शिपायाला सांगितलं, "आजपासून जाळी पट्टीनं मोजायची." का, ते सांगितलं नाही. जाळी दोन इंच वर गेली. नव्या मुलांना नवी उंची मिळाली. ते काम त्यांनी चोख केलं. पण टेबलाशी बसून "प्रिय भोजराज" एवढं लिहिलं आणि लेखणी तिथेच थांबली. काय लिहायचं? माझ्या हातून झालं म्हणायचं? मग विभागीय सामन्यांचं काय? जे हरले त्यांना काय सांगायचं? सरांनी ठरवलं, उद्या लिहू. उद्याचा सोमवार झाला, सोमवारचा पुढचा महिना. मग कळलं, की भोजराजनं कॉलेज सोडलं. आता तर अधिकच अवघड झालं. उत्तराला जेवढा उशीर होतो, तेवढं ते लिहिणं जड होतं. सरांनी पत्र आणि तो तुकडा एका पाकिटात घातला आणि पाकीट कपाटात ठेवलं.

सर वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. फक्त लाजरे होते. एकदा बाजारात समोरून भोजराज येताना दिसला, तर सर घाईनं शेजारच्या दुकानात शिरले आणि काहीतरी घ्यायचं म्हणून बाटली धुवायचा ब्रश घेऊन घरी आले.

त्यांच्या पत्नी, प्रमोदिनीबाई, ब्रश उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "अहो, आपल्या घरात दूध पिणारं बाळ कोण आहे? तुम्ही की मी?"

निवृत्त होताना सर मला घरी घेऊन आले. पाकीटही आलं. मला कॉलेजात सोडणं त्यांना जमलं नसावं. कोणी पुन्हा वापरायला काढली तर, ही धास्ती असेल. प्रमोदिनीबाईंनी माझ्या टोकाला आकडी बांधली आणि मी परसातल्या शेवग्याच्या शेंगा काढायला लागले. मानाचे दिवस संपले होते. पावसाळ्यात माझ्यावर बुरशी चढायची, उन्हाळ्यात मुंग्या. 'पु' आणि 'म' ही अक्षरं मात्र फिकट होऊनही टिकली.

वर्षं गेली. किरनापूरची बातमी अधूनमधून यायची. भोजराजनं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. लग्न झालं. मुलगा झाला, अश्विन. आणि दोन वर्षांपूर्वी अश्विन त्याच कॉलेजात आला, त्याच मैदानावर उतरला. बापाचीच उडी.

यंदा ती देशभरातल्या कॉलेजांची पुरुषांची अजिंक्यपद स्पर्धा बालाघाटला आली. आमचा संघही विभागात जिंकून त्यात शिरला. गावात जिकडेतिकडे दोरीसारखी लांब पोरं, ऑटोत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. वैनगंगेवर फोटो काढणारी. हॉटेलवाल्यांकडे पोहे सकाळी आठलाच संपायला लागले.

काल दुपारी सर बाहेर गेले होते, तेव्हा अश्विन आणि त्याचा मित्र पियुष आमच्या दारात आले. झेंड्यांना काठ्या कमी पडल्या होत्या.

"काकू, बांस है क्या? तुमच्याकडे लंबा बांस हाय असं चौकात कळलं," पियुष म्हणाला.

"हाय ना. पण परत आणा हं. माझ्या शेंगा अडतात," प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि आकडी सोडून मला त्यांच्या हाती दिलं.

किती वर्षांनी मी त्या मैदानावर आले! चुन्याच्या रेघा नव्या होत्या, दिवे नवे, खुर्च्या नव्या. पण जाळीखालची माती तीच. पियुषनं मला फडक्यानं पुसलं आणि थांबला.

"अबे अश्विन, इकडे ये. खिळे हायेत हिले. आणि लिहिलं काय हाय पाह्य, 'पु' आणि 'म'. पु म्हणजे पुरी, म म्हणजे मटण. मेस की काठी है बे ये."

पोरं हसली. अश्विन मात्र हसला नाही. तो माझ्या खिळ्यावर बोट ठेवून बघत होता.

"बाबा सांगत होते," तो हळूच म्हणाला, "त्यायच्या टायमाले बांबूची काठी होती. कॅप्टन टेकवे अन् ओरडे."

त्यानं मला जाळीखाली उभं केलं. जाळीची कडा खिळ्याच्या वर गेली. चांगली दोन इंच.

"अरे, जाळी वर बांधली का काय?" पियुष घाबरला. "कल मॅचेस हैं!"

पट्टी आली. दोन मीटर त्रेचाळीस, बरोबर. सकाळी पंचांनीही चकचकीत काठीनं मोजली होती.

"मंग काठीच बुटकी हाय," पियुष म्हणाला आणि पुन्हा हशा झाला.

अश्विन जागचा हलला नाही. त्याचं काय चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. महिनाभरापूर्वी निवड झाली तेव्हा तो सरांना रस्त्यात भेटला होता आणि हसत म्हणाला होता, "सर, बाबा मॅच पाह्याले नाही येऊन राह्यले. म्हणतात, खेळ तू, पण मोठ्या मैदानात आपल्या घरच्यायचे पाय लटपटतात. मी आलो तर तुलेबी ते लागंल." सर त्या दिवशी घरी येऊन प्रमोदिनीबाईंना हे सांगून परसात बसले होते, माझ्याकडे पाठ करून. आणि अश्विनचे पाय खरंच लटपटत होते. विभागाच्या अंतिम सामन्यात त्यानं दोन सोपे फटके जाळीत घातले होते. शेवटचा गुण पियुषनं काढला म्हणून निभावलं. बापानं स्वतःबद्दल मानलेलं खोटं आता पोराच्या अंगात उतरत होतं, आणि ते खोटं दोनच इंचांचं होतं.

तेवढ्यात फाटकातून गुणाकर सर येताना दिसले. धावत नव्हते, पण चालणंही म्हणता आलं नसतं. एक चप्पल मागे राहिली होती. घरी मी जागेवर नाही हे दिसल्याबरोबर ते निघाले होते, आणि निघताना कपाटातलं पाकीट खिशात घातलं होतं.

"सर," अश्विननं विचारलं, "ही तीच काठी का?"

सर पहिल्यांदाच कोणाच्या चपलांकडे न बघता तोंडाकडे बघत होते.

"हौ," ते म्हणाले. सर एरवी असं गावच्या बोलीत कधी बोलत नसत. "हीच. मी कापली होती. खालून. मला वाटलं कड आहे."

"कधी?"

"तुझे वडील खेळायला यायच्या आधी."

मग त्यांनी पाकीट काढून अश्विनच्या हाती दिलं. अश्विन हिंदी शाळेत शिकलेला, हातानं लिहिलेली मराठी त्याला सावकाश वाचावी लागली. त्याचे ओठ हलत होते. पियुष त्याच्या खांद्यावरून बघत होता. पत्र संपल्यावर अश्विननं ते घडी घातलं.

"बाबा घाबरले नव्हते," तो म्हणाला. कोणाला उद्देशून नाही, असंच.

"नाही," सर म्हणाले. "तो कधीच घाबरला नव्हता."

"सव्वीस साल, सर? काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"आमच्या घरी ते टीव्हीवरची मॅचबी पाहत नाहीत. माहीत हाय तुम्हाले? मी लावली का उठून दुकानात जातात. माझा पहिला चेंडू मले मायनं घेऊन देल्ला, चोरून."

सर तिथून हलले नाहीत. बाजारात दुकानात शिरले होते तसे कुठे शिरले नाहीत.

अश्विननं पाकिटातला तुकडा हातावर घेतला. मग मैदानाच्या मध्ये जाऊन उकिडवा बसला, तुकडा मातीवर ठेवला आणि मला नेमकं त्याच्यावर उभं केलं. कापलेली कड कापलेल्या कडेला लागली. सव्वीस वर्षांनी माझा पाय मला भेटला, मित्रांनो.

पियुषनं वर बघितलं. खिळा आणि जाळीची कडा एका रेषेत होती. केसाइतकंही अंतर नव्हतं.

अश्विन मान वर करून ओरडला.

"पुरी हाय!"

पोरांना ती जुनी रीत माहीत नव्हती. पण सरांचे हात आपोआप वर गेले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. मग पियुषनं. मग सगळ्यांनी. एकेक, मागंपुढं, अगदी विस्कळीत. मी ऐकलेली ती सगळ्यांत बेढब टाळी होती. मला ती आवडली.

"फोन लावू का बाबाले?" अश्विननं विचारलं.

"नको," सर म्हणाले. "त्यानं पत्र लिहिलं होतं. उत्तर पत्रानंच जायला हवं."

"मंग आजच लिहा, सर. परवा चार वाजता आपली पहिली मॅच हाय." तुकडा पुन्हा पाकिटात घालून त्यानं परत दिला. मग जरा थांबून म्हणाला, "अन् हा टाकजा त्याच्यात. नुसतं लिहिलं तर नाही मानणार ते. लय जिद्दी हायेत."

सर मला घरी नेत असताना मी पाहिलं, अश्विन सरावाला उभा राहिला. पहिला फटका जाळीत गेला. त्यानं जाळीकडे बघितलं, हसला, आणि मागे जाऊन पुन्हा धावत आला. पुढचे मी मोजले नाहीत. मोजायचं काम माझं आता राहिलेलं नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला सर टेबलाशी बसले. प्रमोदिनीबाई शेंगा सोलत समोर बसल्या होत्या. एकेक कागद चुरगळून खाली पडत होता.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"आणि किरनापूर काय सातासमुद्रापार आहे? बसनं गेलात तर तासाभरात पोचाल."

"समोर गेलो तर पुन्हा ब्रश घेऊन परत येईन."

प्रमोदिनीबाई हसल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या कागदावर काय लिहिलं होतं?"

"प्रिय भोजराज, तुझं पत्र मिळालं."

"मग त्यात खोटं काय आहे? तेच राहू द्या. पुढे काय झालं तेवढं सांगा आणि थांबा."

सरांनी तसंच केलं. पत्र छोटं झालं. "प्रिय भोजराज, तुझं पत्र मिळालं. आपली जाळी बरोबर नव्हती. दोन इंच खाली होती. काठी मी कापली होती, तुकडा सोबत आहे. तू घाबरला नव्हतास. तू शिकलास ते चुकीच्या उंचीवर, आणि ती चूक माझी. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मला हे कळलं होतं. उत्तर द्यायला धीर झाला नाही. गुरुवारी चार वाजता अश्विनचा सामना आहे. मी पहिल्या रांगेत नसेन, मागे उभा असेन. तू आलास तर जे बोलशील ते ऐकून घेईन. गुणाकर."

मित्रांनो, मला आता शेवग्याच्या झाडाला टेकवून ठेवलं आहे आणि इथून माझं एक मागणं आहे. जी वस्तू रोज इतरांना मोजते, तिला वर्षातून एकदा तरी कोणीतरी मोजावं. तराजू असो, घड्याळ असो, पट्टी असो. तिची शेंबी पडली तर लगेच बसवावी. शेवंताबाईनं सांगितलं होतं, ते आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. आणि तुमच्या हातून कोणाच्या वाट्याची उंची कमीजास्त झाली असेल, तर ते त्याला सांगा. उशीर झाला असेल तरी सांगा. वाट पाहणारा माणूस गप्प बसला म्हणजे त्याचं वाट पाहणं संपलं, असं नसतं.

आज सकाळी सर मोठ्या पोस्टात गेले. माझे दोन इंच त्यांच्या खिशात होते, म्हणून मीही गेले असं समजा. खिडकीत संध्या नावाची मुलगी होती. तिनं पाकीट हातात घेऊन दाबून पाहिलं.

"अंदर क्या है काका?"

"बांबूचा तुकडा."

"बांबू? किरनापूरले?" तिनं भुवया उडवल्या. "तिथं काय बांबूचा दुष्काळ पडला का?"

"एवढाच कमी होता," सर म्हणाले.

तिला काही कळलं नाही. पण तिनं पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला, नाव मोठ्यानं उच्चारलं आणि म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत भेटून जाईल."

सर खिडकीशीच थांबले. पाकीट तिच्या हातात होतं तोवर ते परत मागता आलं असतं. त्यांनी मागितलं नाही.

संध्यानं शिक्का उचलला आणि मारला. तो असा दणकून बसला, की इथे परसात, शेवग्याला टेकलेल्या मलाही तळापर्यंत जाणवला.